शेवटच्या हाताचा नियम

सांख्यिकी खात्यात तिला सगळे दशांशबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण असली नावं कधी लपून राहतात का? तिच्या कानावर ते केव्हाच गेलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला ते मनातून आवडायचं. कुणी "साधारण तीस टक्के" म्हणालं की तिच्या कपाळावर आठी उमटे. साधारण म्हणजे काय? एकोणतीस पूर्णांक सहा की तीस पूर्णांक चार? डॉक्टरांनी ताप आहे का विचारलं, तर ही बाई "अडतीस पूर्णांक दोन, सकाळी साडेसातला" असं उत्तर द्यायची आणि डॉक्टरही मग मुकाट्याने तसंच लिहून घ्यायचे.

तिचं काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं, करायला मात्र एके काळी वर्ष पुरत नसे. देशात जेवढ्या वस्तू वापरल्या जातात, त्यांतल्या शंभरातल्या किती बाहेरून येतात, ते मोजायचं. चारशे अठरा वस्तूंची यादी होती. सायकलच्या साखळीपासून डोळ्यांत घालायच्या थेंबांपर्यंत. प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने, 'घरचं' आणि 'बाहेरचं'. सगळ्यांची बेरीज करून शेवटी जो एक आकडा निघे, त्याच्यावर मंत्री भाषणं करत, वर्तमानपत्रं मथळे देत आणि देशाची मान वर झाली की खाली गेली ते ठरे.

अकरा वर्षांपूर्वी हे काम तिच्याकडे आलं तेव्हा सगळाच सावळागोंधळ होता. एका वस्तूत चार देशांचा माल. बल्बची काच एकीकडची, तार दुसरीकडची, जोडणी इथली. हा बल्ब कुणाचा म्हणायचा? प्रत्येक कारखान्याच्या खरेदीच्या वह्या तपासायच्या तर माणसं सात आणि कारखाने हजारो. तेव्हा तिनेच तोडगा काढला. वस्तूवर शेवटचा हात ज्या देशात फिरला, त्या देशाची ती वस्तू. बस्स. कारखान्याला एकच प्रश्न विचारायचा आणि पुढे जायचं. वर्षाचं काम चार महिन्यांत उरकलं. बाहेरच्या तज्ज्ञांनी वाहवा केली, एका परिषदेत तिला निबंध वाचायला बोलावलं आणि त्या नियमाला तिचं नाव लागता लागता राहिलं. निबंधाची प्रत तिने टेबलाच्या खणात जपून ठेवली होती.

आकडाही गुणी निघाला. सेहेचाळीस पूर्णांक दोनवरून दरवर्षी थोडा थोडा उतरत तो यंदा एकतीस पूर्णांक चारवर आला होता. देश स्वतःच्या पायांवर उभा राहत होता. संचालकसाहेबांनी मसुद्यावर नजर फिरवली आणि स्वतः उठून तिच्या टेबलापाशी येऊन "बाई, कमाल केलीत" म्हणाले. कमाल तिने केली नव्हती, देशाने केली होती; पण कौतुक कुणाला नको असतं?

आणि त्याच आठवड्यात धाकटा तिच्या घरी आला.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ही एकवीसची. त्याचे डबे, त्याच्या वह्या, त्याची दुखणी, सगळं हिनेच निस्तरलं. आता तो चाळिशी ओलांडलेला, गावाबाहेरच्या सलाईनच्या कारखान्यात मुकादम, पण ताईसमोर बसला की अजून बुटाच्या नाड्यांशी चाळा करायचा. आज मात्र नाड्यांकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्याने खिशातून बँकेचं पत्र काढून टेबलावर ठेवलं.

"हे वाच. पुढच्या तिमाहीपासून आम्हाला परकीय चलन बंद."

"का?"

"तुझ्यामुळे."

तिने पत्र वाचलं. त्यात वाकडं काही नव्हतं. चलनाची चणचण होती, म्हणून जो माल देशातच तयार होतो त्याच्यासाठी बाहेरचं चलन मिळणार नव्हतं. सोबत यादी होती. यादी तिच्याच तक्त्यातून उचललेली होती. सलाईन, अनुक्रमांक दोनशे एक्काहत्तर, घरचं.

"अरे, पण सलाईन घरचंच आहे ना?" ती म्हणाली. "मीठ आपलं, पाणी आपलं. मीठपाण्याला परदेश कशाला हवा?"

धाकट्याने पत्राची घडी करून खिशात घातली. मग म्हणाला, "ताई, मीठपाणी ओंजळीतून देतात का गं पेशंटला? उद्या सुट्टी आहे ना तुला? चल माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी ती गेली. डोक्याला टोपी, पायांत कापडी पिशव्या, तोंडावर फडकं अशा थाटात धाकट्याने तिला सगळा कारखाना हिंडवला. पाणी गाळणारी मोठी टाकी होती, ती इथली. मिठाची पोती इथली. आणि मग तो तिला आतल्या खोलीत घेऊन गेला. तिथे पारदर्शक प्लास्टिकची मोठी रिळं रचून ठेवली होती. त्याच प्लास्टिकच्या पिशव्या होतात, त्यांत पाणी भरतात. तसलं प्लास्टिक देशात कुणी बनवत नाही. पिशवीला नळी जोडायचं बूच, तेही बाहेरचं. पाणी गाळायची जाळी दर सहा महिन्यांनी बदलावी लागते, तीसुद्धा.

"शंभरातले किती?" तिने विचारलं. दुसरं काय विचारणार होती?

"मीठ आणि पाणी धरून आमचे बावीस. अठ्ठ्याहत्तर बाहेरचे. पण शेवटचा हात आमचा, म्हणून तुझ्या कागदावर शंभरच्या शंभर घरचं. फॉर्म मीच भरला होता. प्रश्नच तेवढा एक होता ना."

ती रिळांच्या त्या खोलीत उभी राहिली. सलाईनचं एक सोडा. तिच्या डोळ्यांसमोर बाकीची यादी सरकू लागली. खाद्यतेल पिंपांतून येतं, इथे बाटल्यांत भरतात, घरचं. गोळ्यांची भुकटी बाहेरून येते, इथे दाबून गोळ्या करतात, घरचं. पंखे सुटे येतात, इथे स्क्रू पिळतात, घरचं. अकरा वर्षांत आकडा उतरला तो देश शिकला म्हणून नव्हे. बाहेरचे व्यापारी माल सुटा पाठवायला शिकले, म्हणून.

पुढचे नऊ दिवस तिने जेवणाचा डबाही धड उघडला नाही. भरून, दाबून किंवा जोडून तयार होणाऱ्या साठ मोठ्या वस्तू निवडल्या, कारखान्यांना फोन केले, बंदराच्या नोंदी मागवल्या, त्या साठांचाच हिशेब नव्याने मांडला आणि बाकीच्या तशाच ठेवून एकूण बेरीज पुन्हा केली. आकडा निघाला बावन्न पूर्णांक सात. तिने तो तीनदा तपासला. तिन्ही वेळा दशांशासकट तोच आला.

कागद घेऊन ती संचालकांकडे गेली. संचालक वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. भांडून मोकळी झाली असती ती. त्याने कागद शांतपणे वाचले, चष्मा काढून पुसला आणि दार लोटून घेतलं.

"बाई, तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण आकडा सोमवारी जाहीर होतोय. एकतीस तिथे बावन्न म्हणायचं, तर उद्या विचारतील, मग गेल्या वर्षीचं काय? त्याच्या आधीचं? अकराच्या अकरा वर्षं खोटी पडतात."

"पडू देत, साहेब."

"पडू देत?" तो हसला नाही. "नियम तुमचाच ना, बाई?"

तिच्या मनात काय आलं ते इथे सांगून टाकलेलं बरं, कारण तेव्हा तिने ते कुणाला सांगितलं नाही. सलाईन तिच्या मनात नव्हतं, धाकटाही नव्हता. तिला परिषदेतला तो मंच दिसला, टाळ्या ऐकू आल्या, आणि उद्या तीच माणसं "तो शेवटच्या हातवाला गाढवपणा" असं म्हणत हसताना दिसली. अकरा वर्षं जिने दुसऱ्यांचे दशांश दुरुस्त केले, तिचा पूर्णांकच चुकला होता.

"असं करू," संचालक म्हणाला. "तळटीप घालू. या आकड्यात वस्तूंच्या घटकांचा विचार केलेला नाही, असं स्वच्छ लिहू. ज्याला समजायचं त्याला समजेल. पुढच्या वर्षी सवडीने नियम बदलू."

आणि तिला हायसं वाटलं. हो, हायसं. तिने तळटीप स्वतःच्या हाताने लिहिली, दोन ओळींची, बिनचूक, आणि खोटं काही बोललो नाही अशी मनाची समजूत घालून घरी गेली. धाकट्याला फोनवर म्हणाली, "लिहिलंय मी त्यात. बघतील ते."

बघतील कसले! मंत्र्यांनी भाषणात एकतीस पूर्णांक चार म्हटलं, टाळ्या पडल्या. वर्तमानपत्रांनी पूर्णांक-चार गाळून नुसतं एकतीस छापलं. तळटीप छापखान्यात इतक्या बारीक अक्षरात बसवली होती की तिला स्वतःलाच ती वाचायला चष्मा वर-खाली करावा लागला. बँकेने कारखान्याचा चलनासाठीचा अर्ज परत पाठवला. सोबत तिचाच तक्ता जोडलेला, दोनशे एक्काहत्तर क्रमांकाखाली लाल रेघ मारलेली.

रिळं सात आठवडे पुरली. मग कारखाना बंद पडला. एकशे चाळीस माणसं घरी बसली. धाकटा बहिणीला काहीच बोलला नाही, आणि तिला तेच जास्त लागलं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर पाच आठवडे गावातल्या सरकारी दवाखान्यात सलाईन नव्हतं. एका दुपारी दशांशबाई तिथे गेली. कुणी पाठवलं नव्हतं, पण घरी बसवेना. जुलाबांची साथ होती. वॉर्डात एक बाई आपल्या मुलीला मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजत होती. मुलगी सहा-सात वर्षांची असेल. चमचा ओठांशी न्यायचा, थोडं आत जायचं, बाकीचं गालावरून ओघळायचं. आई पुन्हा चमचा भरायची. शेजारी लोखंडी दांडा उभा होता आणि त्याच्या आकड्याला काहीच लटकत नव्हतं. तिथल्या परिचारिकेला तिने हळूच विचारलं, "किती गेले?"

"गेले ते जुलाबाने गेले," परिचारिका म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "पिशवी नव्हती म्हणून गेले, असं कुठे लिहायचं? तसा रकाना नाही आमच्याकडे."

चारशे अठरा वस्तूंची गणती करणारी ही बाई वॉर्डाच्या दारात उभी राहिली आणि तिला पहिल्यांदा एक आकडा हवा होता, जो जगात कुणापाशीच नव्हता. घरी येऊन ती रडली. तिला रडू यायला हवंच होतं. मला तिची कीव करायची नाही.

शेवटी ओरड झाली, धावाधाव झाली आणि सरकारने सलाईन बाहेरून मागवलं. तयार, भरलेलं. म्हणजे बघा, ज्या देशाला समुद्र आहे, मिठागरं आहेत, नद्या आहेत, त्याने मीठ घातलेलं पाणी जहाजातून आणलं. रिळांना लागलं असतं त्याच्या तिप्पट चलन लागलं, पण ते मिळालं, कारण आता वस्तू उघडउघड बाहेरची होती. बाहेरच्या मालाला बाहेरचं चलन. नियमात अगदी चपखल.

फक्त पिशव्यांवरचा मजकूर परक्या भाषेत होता. दवाखान्यांत तो कुणाला वाचता येईना. म्हणून प्रत्येक पिशवीवर आपल्या भाषेतली चिठ्ठी चिकटवायची ठरली, आणि ते काम मिळालं बंद पडलेल्या कारखान्याला. एकशे चाळीसपैकी बावीस माणसं परत घेतली. त्यांच्यावर मुकादम म्हणून धाकटा.

नवी पाहणी सुरू झाली त्या सुमाराला एका रविवारी सकाळी तो तिच्याकडे आला. सोबत त्याची बायकोही होती. ती एरवी फारशी यायची नाही. तिने येताना केळी आणली होती आणि त्यांची पिशवी मांडीवर धरूनच ती बसली होती.

"ताई, तुझा फॉर्म आलाय कारखान्यात," धाकटा म्हणाला. "शेवटचा हात कुणाचा, असा प्रश्न अजून तोच आहे."

"हो. नियम बदलायचा राहिलाय."

"राहू दे की मग." त्याने मान खाली घातली. "चिठ्ठी आम्ही चिकटवतो. शेवटचा हात आमचाच झाला ना? फॉर्म मी तसाच भरून देतो; तक्त्यात तू घरचं लिहिलंस तर आम्ही कारखानदार ठरतो. विजेची सवलत राहते, चिठ्ठ्यांचं कामही राहतं. बाहेरचं लिहिलंस तर दवाखाने माल थेट व्यापाऱ्याकडून उचलतील, चिठ्ठीसुद्धा तिकडूनच छापून येईल. मग बावीस माणसं... त्यात मी."

"अरे, पण चिठ्ठी चिकटवणं म्हणजे काय सलाईन बनवणं झालं?"

"मला सांगतेस? वीस वर्षं बनवलंय मी." त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "कळतं गं मला. पण या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार? खोटं लिही म्हणत नाही. तुझ्याच नियमाने लिही."

त्याची बायको पहिल्यांदाच बोलली. "वन्सं, मुलाची फी भरायचीय. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच वाढवलंय यांना." एवढं बोलून तिने केळी टेबलावर ठेवली.

तीन दिवस दशांशबाईने कारखान्याकडून भरून आलेला तो फॉर्म टेबलावर तसाच ठेवला. 'घरचं' लिहिणं सोपं होतं. नियमाला धरून होतं. संचालक खूश, मंत्री खूश, भाऊ खूश. आकडाही पाव टक्क्याने चढला नसता. आणि ज्याच्यावर तिने आधीच अन्याय केला होता त्याचंच भलं होणार होतं. याहून सज्जड कारण माणसाला काय हवं? पण लिहायला हात उचलला की तिला तो वॉर्ड आठवे. आज चिठ्ठीच्या जोरावर हे घरचं ठरलं, तर उद्या चलनाची पुन्हा चणचण होईल, बँक पुन्हा यादी काढेल, आणि क्रमांक दोनशे एक्काहत्तर घरचाच आहे म्हटल्यावर भरलेल्या पिशव्यासुद्धा बंद होतील. मग चमचे.

चौथ्या दिवशी तिने 'बाहेरचं' लिहिलं. खाली तळटीप घातली नाही. त्याऐवजी संचालकांना तीन पानी पत्र लिहिलं. शेवटच्या हाताचा नियम चुकीचा आहे, पहिल्या दिवसापासून चुकीचा होता, तो मी केला, आणि हे मला गेल्या वर्षी आकडा जाहीर व्हायच्या आधी ठाऊक होतं. बावन्न पूर्णांक सातचे सगळे कागद जोडले. एक प्रत मंत्रालयाला आणि एक बँकेला थेट पाठवली, म्हणजे मग कुणाला सवड काढायची गरज उरू नये. संचालकाने पत्र वाचून एवढंच विचारलं, "नोकरीचा विचार केलात का?" ती म्हणाली, "केला." आणि खरोखरच केला होता.

संध्याकाळी ती धाकट्याच्या घरी गेली. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं, एवढं तरी ती त्याचं देणं लागत होती. तो नुकताच कामावरून आला होता. त्याच्या बोटांना चिठ्ठ्यांचा डिंक लागलेला होता आणि बोलता बोलता तो त्याची सालं काढत होता. तिने सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, पत्राचंही सांगितलं. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला.

धाकट्याने बोटावरचं शेवटचं साल काढून टाकलं. मग म्हणाला, "बरोबर केलंस. खरं तेच लिहिलंस."

तिला वाटलं, झालं. समजून घेतलं त्याने.

"मग तेव्हा का नाही लिहिलंस, ताई?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. लहानपणी एखादं गणित सुटलं नाही की तो जसा विचारायचा, तसं त्याने विचारलं होतं. तिला शंभर उत्तरं सुचली. सोमवार होता, अकरा वर्षं होती, साहेबांनी ऐकलं नाही, तळटीप घातली होती. त्यातलं एकही पूर्ण खरं नव्हतं, आणि आज साधारण खरं बोलायला ती आली नव्हती.

"तेव्हा लिहिलं असतं तर मी चुकले असं दिसलं असतं," ती म्हणाली. "मला माझा नियम वाचवायचा होता."

धाकट्याने मान हलवली. मग तो उठला, दारापाशी गेला आणि तिला बाहेर पडता यावं म्हणून दार उघडं धरून उभा राहिला.